टँकर लोडिंगचा मास फ्लो मीटर आणि वजनकाटा जुळूनच नाही राहिले

बुटीबोरी_लोकल | ६ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत खाद्यतेलाच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला आहे. एक मीटर तीन महिन्यांपासून डोकं खाऊन राहिला, म्हणून धागा काढतो.

टँकर लोडिंगच्या लाइनवर कोरिओलिस मास फ्लो मीटर आहे, म्हणजे ट्यूब कंपवून वाहत्या तेलाचं वस्तुमान थेट मोजणारा. लाइन तीन इंची, मीटरच्या ट्यूब खालच्या बाजूला. तेल रिफाइन्ड सोयाबीन, ३८ डिग्रीच्या आसपास. फ्लो तासाला ४० टन, म्हणजे २० टनाचा टँकर अर्ध्या तासात भरतो. बॅच कंट्रोलरमध्ये २०,००० टाकलं की तेवढं झाल्यावर ऑन-ऑफ व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. मग टँकर गेटवरच्या आमच्याच काट्यावर जातो.

दिवाळीपर्यंत दोन्ही आकडे २०-३० किलोत जुळायचे, कोणी काही बोलत नव्हतं. जानेवारीत शटडाउन झालं, लोडिंग पंपाची पायपिंग थोडी बदलली, आणि तेव्हापासून मीटर काट्यापेक्षा ७० किलो जास्त दाखवून राहिला. रोज ७० असतं तरी बरं! कधी ७०, कधी ३०. पार्टीला माल कमी जातो अन् फोन मला येतो.

झिरो कॅलिब्रेशन (फ्लो बंद असताना मीटरला 'हे शून्य' असं शिकवणं) तीनदा केलं. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, डिस्प्लेवर स्वच्छ ०.०, मग झिरो. पहिल्या दोन वेळा काही फरक पडला नाही. तिसऱ्यांदा केल्यावर ७० चे १०० झाले! आता डिस्पॅचचे साहेब म्हणतात, मीटर फॅक्टर (मीटरचा आकडा ज्यानं गुणला जातो तो) ०.९९५ कर अन् विषय संपव. करू का?

---

संत्रा_बर्फी | ६ मे, रात्री १०:३१

झिरो माइलच्या गावात राहून झिरो सापडत नाही म्हणता, बाप्पा! जाऊन नागपूरच्या झिरो माइल स्तंभाजवळच्या त्या चार घोड्यांना विचारा.

(गंमत हो. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतेय.)

---

वऱ्हाडी_ठेचा | ६ मे, रात्री १०:५०

भाऊ, शंभर टक्के हवा आहे लाइनमध्ये. पायपिंग बदलली म्हणता, पंपाच्या सक्शनला कुठंतरी हवा ओढत असंल. ड्राइव्ह गेन पाहा. ट्यूब हलवायला मीटरला किती जोर लावावा लागतो ते त्यात दिसते. तेलात बुडबुडे असले की तो पार १०० पर्यंत जातो आणि फ्लोचा आकडा वेड्यासारखा नाचतो.

---

मीटरबाई | ७ मे, सकाळी ७:१५

फॅक्टरला हात लावू नका, कृपा करा. हिंगण्याला कॅलिब्रेशनचं काम करते. वर्षाला दहा-बारा मीटर असे येतात, ज्यांच्यात मीटर सोडून बाकी सगळं बिघडलेलं असतं आणि फॅक्टर तेवढा चार वेळा बदललेला असतो.

कारण सांगते. फॅक्टर वजनाच्या प्रमाणात काम करतो. २० टनाला ७० किलो चूक असेल तर १० टनाला ३५ असायला हवी, तरच फॅक्टरवर संशय घ्यायचा. झिरोची चूक वेळेच्या प्रमाणात असते. ताशी ५० किलोने झिरो सरकला असेल तर अर्ध्या तासात २५ किलो चूक, मग त्या अर्ध्या तासात तुम्ही पाच टन भरा नाहीतर वीस. आणि तिसरी चूक दर टँकरला ठरावीक असते, टँकर लहान असो की मोठा. या तीन चुकांचे चेहरे वेगळे आहेत. तुमच्याकडे कोणता आहे ते आधी ओळखा.

म्हणून तीन गोष्टी कळवा. १० टनाचे टँकर भरता का, त्यांना फरक किती येतो? लोडिंग चालू असताना ड्राइव्ह गेन आणि डेन्सिटी किती? आणि लो फ्लो कटऑफ (ज्याच्या खालचा फ्लो मीटर शून्य धरतो तो आकडा) कितीवर सेट आहे?

---

जुना_काटा | ७ मे, सकाळी ८:०२

मीटरबाईंशी सहमत. मी आयुष्य काट्यावर काढलं, आता निवृत्त आहे. तेव्हा काट्याच्या बाजूनेही थोडं बोलतो. सगळे मीटरवर तुटून पडतात आणि काटा म्हणजे जणू देव.

तुमचा काटा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवत असणार. भरलेला टँकर ३२ टनाच्या घरात. एवढ्या वजनाला पडताळणीच्या वेळीसुद्धा या वर्गाच्या काट्याला १५ किलो इकडेतिकडे चालतं, आणि रिकाम्या टँकरला आणखी १०. शिवाय रिकाम्या वजनाला क्लीनर केबिनमध्ये होता आणि भरल्या वजनाला चहा प्यायला उतरला, तर ६० किलो तिथेच गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, एकदा नव्हे.

पण एक आहे. काट्याची चूक टँकरमागून टँकर एकाच बाजूला ७०-७० जात नाही. तेव्हा काहीतरी आहे खरं.

आणि झिरो करण्याआधी जुना झिरो वहीत लिहून ठेवला होता का?

---

बुटीबोरी_लोकल | ७ मे, रात्री ९:४०

काका, नव्हता लिहिला. चूक झाली.

ताई, तुमची उत्तरं. ड्राइव्ह गेन ५ टक्के, जागचा हलत नाही. डेन्सिटी घनमीटरला ९०८ किलो, तीही स्थिर. लॅबवाल्यांकडून हायड्रोमीटरनं पाहून घेतली, जुळते. म्हणजे ठेचाभाऊ, हवा नाही. कटऑफ ताशी २०० किलो आहे, कमिशनिंगपासून तेवढाच. अन् आज १० टनाचा एक टँकर होता, त्यात फरक ७०! निम्मा माल, पण फरक निम्मा नाही.

बॅच कंट्रोलरला मीटरकडून पल्स जाते. त्याचा टोटल अन् ट्रान्समीटरचा (मीटरच्या इलेक्ट्रॉनिक डोक्याचा) टोटल किलोला किलो जुळतो, ते मी आधीच पाहिलं होतं.

---

पंक्चर_पंप | ७ मे, रात्री १०:०५

जुने पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट मीटर बरे होते. उघडायचे, गिअर पुसायचे, बंद करायचे. हे कंप पावणारे पाइप कोणी आणले देव जाणे.

---

वऱ्हाडी_ठेचा | ७ मे, रात्री १०:०९

ते लिटर मोजायचे दादा. इथं तेल किलोवर विकतात, अन् नागपुरात सकाळच्या अन् दुपारच्या तेलात डिग्र्यांचा केवढा फरक.

---

मीटरबाई | ७ मे, रात्री १०:३८

१० टनाला ७० आणि २० टनाला १००, म्हणजे फॅक्टरचं काम नाही. डिस्पॅचच्या साहेबांना एवढं गणित दाखवा. त्यांचं ऐकून ०.९९५ केलं असतं तर २० टनाला फरक शून्य आला असता आणि १० टनाला तरी २० किलो राहिला असता. मग तुम्ही आणखी काहीतरी बदललं असतं.

आता तो २०० चा कटऑफ. तुम्ही म्हणता डिस्प्लेवर स्वच्छ ०.०. ताशी २०० किलोपेक्षा कमी जे काही असेल ते शून्यच दाखव, असं तुम्हीच त्याला सांगून ठेवलंय. ताशी दीडशे किलो तेल वाहत असलं तरी तो ०.० च दाखवणार, आणि टोटलमध्येही धरणार नाही. कटऑफ असावाच लागतो, नाहीतर पंप बंद असताना नुसत्या कंपनाने टोटल सरकत राहतो. पण झिरो तपासताना तो शून्यावर आणून उघडा आकडा बघायचा आणि काम झालं की परत लावायचा.

उद्या दोन कामं करा. लोडिंग नसताना कटऑफ शून्य करून आकडा पाहा. सकाळी पहिल्या टँकरच्या आधी एकदा आणि एखादा टँकर गेल्या गेल्या एकदा. दुसरं म्हणजे दर टँकरपुढे लिहा की आधीचा टँकर संपून किती वेळ झाला होता.

---

बुटीबोरी_लोकल | ९ मे, रात्री ११:२०

दोन दिवस वही घेऊन गँट्रीखाली (टँकर भरायच्या उंच मचाणाखाली) बसलो. ४४ डिग्रीत. हेल्पर म्हणून राहिला, साहेबांना ऊन लागलं.

काही नोंदी देतो. सकाळी ८ चा पहिला टँकर, आधी रात्रभर काही नाही: फरक १००. त्याच्या मागोमाग लागलेला, मध्ये दहा मिनिटं: ५०. त्यानंतरचा, मध्ये अर्धा तास: ७०. जेवणाच्या सुट्टीनंतरचा, मध्ये सव्वा तास: १००. शुक्रवारी संध्याकाळी जिच्यातून तेल येतं ती टाकी काठोकाठ भरली होती, तेव्हा तासभर गॅप असूनही ५०.

अन् आता गंमत. कटऑफ शून्य केला. सकाळी सात वाजता सगळं थंड, पंप बंद, तर आकडा ४८, ५१, ४९. ताशी अधिक ५० किलो! पहिला टँकर गेल्या गेल्या पाहिला तर ० च्या आसपास, कधी उणे ३, कधी अधिक ४. मी म्हटलं चला, बरोबर आहे. पण उभा राहिलो तर आकडा हळूहळू चढून राहिला. २०, ३५, तासाभरानं परत ५० वर जाऊन बसला. व्हॉल्व्ह बंद, पंप बंद, अन् बंद लाइनमध्ये फ्लो वाढतो? काहून?

---

मीटरबाई | १० मे, सकाळी ६:५०

सापडलं बहुतेक! तिसरा झिरो टँकर गेल्या गेल्या केला होता ना?

---

बुटीबोरी_लोकल | १० मे, सकाळी ७:२५

हो. पहिले दोन सकाळी केले होते. मग कोणी सांगितलं की तेल गरम असताना, कामाच्या तापमानाला झिरो करायचा असतो, म्हणून तिसरा टँकर सुटल्याबरोबर केला.

---

मीटरबाई | १० मे, दुपारी १:१०

सल्ला बरोबर होता, लाइन दगाबाज निघाली. नीट लिहिते, जेवणाच्या सुट्टीत आहे.

टँकर भरून झाला की मीटरपासून गँट्रीपर्यंतचा पाइप तेलाने भरलेला असतो, आणि गँट्री वर असते. तुमचा ऑन-ऑफ व्हॉल्व्ह पास होतोय, म्हणजे बंद असूनही गळतोय, आणि पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही, तेल उलटं जाऊ न देणारा) धरत नाहीये. त्यामुळे ते तेल पाझरत उलटं मीटरमधून टाकीत परत जातं. साधारण तासभर, ताशी ५० किलोच्या आसपास. हे कटऑफच्या खाली असल्यामुळे मीटर ते वजा करत नाही. पुढच्या टँकरला तोच रिकामा पाइप पुन्हा भरावा लागतो. तेव्हा फ्लो ४० टनाचा, मीटर इमानदारीत मोजतो. म्हणजे पाइपभर तेल दोनदा मोजलं जातं. टँकर मागोमाग लागले तर पाझरायला वेळ मिळत नाही, म्हणून फरक कमी. टाकी भरलेली असली तर तिचाच दाब उलटा असतो, तेल खाली येत नाही. तुमच्या शुक्रवारच्या ५० चं उत्तर यात आहे.

मीटर खालच्या बाजूला असल्यामुळे तो कायम भरलेला राहतो. हवा पाइपच्या वरच्या टोकाला असते आणि सुरुवातीला टँकरमध्ये निघून जाते. म्हणून ड्राइव्ह गेन शांत.

आणि तिसरा झिरो? तुम्ही केला तेव्हा तेल उलटं चाललं होतं. मीटरला सांगितलं, हे जे काय चाललंय ते शून्य. त्याने मान्य केलं. आता पाझर थांबला की त्याला वाटतं, तासाला ५० किलो पुढे चाललंय. अर्ध्या तासाच्या लोडिंगला ते २५ किलो वाढीव. ७० चे १०० असे झाले.

मीटरच्या पुढचा पाइप किती लांब आहे हो?

---

बुटीबोरी_लोकल | १० मे, दुपारी १:४२

बारा मीटर!! तीन इंची पाइपात दर मीटर लांबीला पावणेपाच लिटर बसते, म्हणजे ५७ लिटर. गुणिले ०.९०८. बावन्न किलो.

ताई, तुम्हाला सावजीची पार्टी लागू.

---

वऱ्हाडी_ठेचा | १० मे, दुपारी २:१५

हवेची माझी गोष्ट चुकली, पण पायपिंगकडं बोट मीच दाखवलं होतं हे नोंदवून ठेवा. एनआरव्ही खोला भाऊ. शटडाउनला काढला असंल, परत बसवताना काहीतरी अडकलं असंल.

---

बुटीबोरी_लोकल | १३ मे, रात्री ९:०५

खोलला. फ्लॅपरच्या (आतल्या झडपेच्या) कडेला गॅस्केटचा नखाएवढा तुकडा बसला होता, चपटा होऊन. एवढ्याशा तुकड्यानं जानेवारीपासून नाचवलं. फोटो काढला अन् तुकडा डबीत ठेवला, साहेबांना दाखवायला.

ऑन-ऑफ व्हॉल्व्हची सीटही एका बाजूनं कापलेली आहे. नवीन मागवली. तोवर त्याच्या पुढचा हातानं फिरवायचा बॉल व्हॉल्व्ह हेल्पर दर टँकरनंतर बंद करतो.

आता झिरो नीट कसा करू ते एकदा सांगा, चौथ्यांदा फसायचं नाही.

---

मीटरबाई | १३ मे, रात्री १०:२०

आधी आत्ताचा झिरो लिहून घ्या, काकांची शिकवण. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये फॅक्टरीचा झिरो परत आणायची सोय असते, तोही आकडा शोधून शेजारी लिहा.

एखादा टँकर पूर्ण भरू द्या, म्हणजे मीटरचं अंग तेलाच्या तापमानाला येतं. मग आधी पुढचा व्हॉल्व्ह बंद करा, नंतर मागचा. पुढचा म्हणजे हाताचा बॉल व्हॉल्व्ह, पास होणारा ऑन-ऑफ नव्हे. याच क्रमाने केलं की मीटर दाबाखाली भरलेला राहतो. कटऑफ शून्य करा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. आकडा कुठेही असू दे, ५० वर असला तरी हरकत नाही, पण तो जागचा हलायला नको. एका दिशेने सरकत असेल तर कुठेतरी तेल वाहतंय, झिरो करू नका. स्थिर असेल तरच करा. शेजारचा पंप चालू असेल तर तोही थोडा वेळ बंद ठेवता आला तर उत्तम.

झाल्यावर दोनदा पुन्हा करा. तिन्ही आकडे जवळपास आले पाहिजेत. मग कटऑफ परत लावा. २०० जरा जास्त वाटतो मला. बंद लाइनला आकडा किती थरथरतो ते पाहून त्याच्या थोडा वर ठेवा. आणि इथून पुढे मीटर बरा वाटत असेल तर झिरोला हात लावू नका. दर महिन्याला झिरो करणारे लोक मला माहीत आहेत. मी नाही करत.

---

बुटीबोरी_लोकल | १७ मे, रात्री १०:३०

केलं. आकडा पंधरा मिनिटं ५० वरच बसून होता, हलला नाही. झिरो केल्यावर अधिक-उणे ३ च्या आत. तीनदा केलं, तिन्ही जवळ आले. कटऑफ ८० ठेवला.

त्यानंतरचे पाच टँकर, मीटर वजा काटा: २०, ३०, २०, १०, ३०. गॅप कितीही असो.

आता साहेबांचा नवीन प्रश्न. म्हणतात, नेहमी मीटरच का जास्त? कधी काटा का नाही? हे राहिलेले वीस किलो कुठं चालले? अन् फॅक्टर ०.९९९ करून टाक म्हणून राहिले.

---

जुना_काटा | १८ मे, सकाळी ७:४०

याची मी वाटच पाहत होतो. हे वीस किलो कुठेही जात नाहीत.

पाण्यात उतरलं की माणूस हलका होतो, तसं हवेतही होतं, फक्त फार थोडं. तुमचं २० टन तेल म्हणजे २२ घनमीटर. तेवढी जागा हवेची अडवली. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, त्यात मे महिन्याची गरम हवा, म्हणजे घनमीटरला १.१ किलोच्या आत. धरा २४ किलो. एवढं हवेने उचलून धरलं. आता काटा ज्या लोखंडी वजनांनी लावला, ती २० टन वजनं अडीच-तीन घनमीटरच जागा घेतात, त्यांना हवा तीन किलो उचलते. २४ वजा ३, राहिले २१. काटा खोटं बोलत नाही आणि मीटरही नाही. मीटर वस्तुमान मोजतो, काटा हवेतलं वजन. हलक्या द्रवाला हा फरक हजारी एक एवढा येतोच.

थंडीत हवा जड होते, तेव्हा एक-दोन किलो वाढेल. तुमच्या १० किलोच्या काट्याला ते दिसणारही नाही.

---

मीटरबाई | १८ मे, सकाळी ९:१५

काका, दंडवत.

बुटीबोरीकर, बिल काट्यावर होतं ना? मग फॅक्टर तसाच राहू द्या आणि बॅच कंट्रोलरमध्ये २०,००० ऐवजी २०,०२० टाका. फॅक्टर बदलला तर टाकीचा हिशेब, उत्पादनाचा हिशेब, सगळीकडे तो फरक पसरतो. पुढच्या वेळी कोणी मीटर बाहेर कॅलिब्रेशनला पाठवला की प्रयोगशाळा म्हणणार, हजारी एक कमी दाखवतो. मग पुन्हा धागा.

आणि कधी पूर्ण कॅलिब्रेशनची वेळ आलीच, तर केरळात पालक्काडजवळ फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, फ्लो मीटरचंच काम करते. पण मला नाही वाटत तुम्हाला आत्ता गरज आहे.

---

बुटीबोरी_लोकल | २० मे, रात्री ९:५०

२०,०२० लावलं. आज चार टँकर, काट्यावर १९,९९०, २०,०००, २०,०००, २०,०१०. पार्टीचा फोन नाही.

व्हॉल्व्हची सीट आली, पण साइज चुकीची आली. परत पाठवली. तोवर हेल्पर बॉल व्हॉल्व्ह फिरवूनच राहिला.

---

संत्रा_बर्फी | २० मे, रात्री १०:०४

थांबा, म्हणजे दर टँकरला एकवीस किलो हवा उचलून धरते आणि कोणालाच माहीत नाही?

---

बुटीबोरी_लोकल | २० मे, रात्री १०:११

हो ताई. अन् हेच आता अकाउंट्सला लेखी द्यायचं आहे, २०,०२० का भरता म्हणून. काका, दोन ओळी तुम्हीच लिहून द्या ना. माझ्या नावानं "हवेनं उचललं" असं गेलं तर ते मलाच उचलतील.